नाखुशी, नाराजी, अढी, आकस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्यांनी लिहिलेले मराठी तपासणे हे माझे रोजचे काम. आनंद आणि दुःख लिहिताना माणसे सहसा अडखळत नाहीत. पण कुणी तोंड वाकडे करून होकार दिला, किंवा मनात काही धरून ठेवले, असे लिहायची वेळ आली की 'नाराज' हा एकच शब्द सगळीकडे राबवला जातो. भाषेत या भावनांसाठी शब्दांची ददात नाही. उलट इतके आहेत की निवडताना गोंधळ होतो. लेखक, भाषांतरकार आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

एवढ्या शब्दांतला फरक लक्षात कसा ठेवायचा?

नामाकडे कमी आणि क्रियापदाकडे जास्त बघा. 'राग' हा एकच शब्द घ्या. राग येतो, तेव्हा तो आपणहून आलेला असतो. म्हणून आपण 'मला राग आला' म्हणतो, 'मी राग आणला' म्हणत नाही. राग मानला की त्यात माझाही थोडा हात आला. राग गिळला म्हणजे बाहेर दिसू दिला नाही. राग धरला की मामला बदलतो, कारण आता तो जपून ठेवलेला आहे. आणि राग काढला की तो बहुतेक वेळा भलत्यावरच निघतो. वड्याचे तेल वांग्यावर.

बाकीचे शब्दही असेच आपापल्या क्रियापदाला चिकटून असतात. अढी बसते, डूख धरतात, दात धरतात, उट्टे आणि वचपा काढतात. 'धरणे' आले की काळ लांबतो, 'काढणे' आले की हिशेब मिटवायची वेळ झालेली असते. नाखुशीच्या शब्दांत मात्र 'घेणे' फार: आढेवेढे घेणे, हात आखडता घेणे, पाय मागे घेणे, माघार घेणे. माणूस तिथे दुसऱ्यावर चालून जात नाही, स्वतःला आवरून घेतो. एवढे कळले की 'त्याने डूख घेतला' किंवा 'तिने आढेवेढे धरले' असली वाक्ये कानालाच खटकतात.

'नाखुशीने', 'नाइलाजाने', 'अनिच्छेने' आणि 'मनाविरुद्ध' हे एकमेकांच्या जागी चालतात का?

वर्तमानपत्रात चालवतात. चालू नयेत.

'नाखुशीने' म्हणजे काम केले, पण मन त्यात नव्हते, आणि ते कदाचित चेहऱ्यावर दिसलेही. 'नाइलाजाने' म्हणजे दुसरा इलाज नव्हता. इथे मन कसे होते ते सांगितलेलेच नाही; दोष परिस्थितीवर टाकलेला आहे. म्हणूनच सार्वजनिक निवेदनात 'नाइलाजास्तव हा निर्णय घ्यावा लागत आहे' असे लिहितात, 'नाखुशीने' असे कधी लिहीत नाहीत. नाखुशी कबूल करावी लागते, नाइलाज नुसता जाहीर करता येतो. 'मनाविरुद्ध' म्हटले की दुसऱ्या कुणाचे तरी मन मध्ये येते: कुणीतरी लादले आहे. 'अनिच्छेने' हा या चौघांतला पुस्तकी भाऊ. अर्थ बरोबर, पण बोलण्यात कुणी वापरत नाही. पात्राच्या तोंडी तो शब्द घातलात तर ते पात्र निबंध वाचून दाखवते आहे असे वाटेल.

बोलीत याच जागी 'झक मारत' येते. 'येईल झक मारत' यात नाइलाज त्याचा आणि समाधान बोलणाऱ्याचे. घरात, मित्रांत ठीक, अर्जात नको.

आढेवेढे, टाळाटाळ, चालढकल, का-कू आणि अनमान यांत काय फरक आहे?

शेवटी काय होते, त्यावर ठरवा. आढेवेढे घेणारा बहुधा तयार होतो. थोडा आग्रह व्हावा अशी त्याची अपेक्षा असते. गाण्याचा आग्रह झाल्यावर घसा बसल्याचे सांगून मग चार गाणी म्हणणारा माणूस आढेवेढे घेत असतो. टाळाटाळ करणारा तयार होत नाही, पण नाहीही म्हणत नाही. चालढकल करणारा आजचे उद्यावर ढकलतो. त्याला काम नको असेल असेही नाही, आज नको इतकेच. का-कू ही क्षणभराची गोष्ट आहे: 'का-कू न करता पैसे काढून दिले.'

अनमान वेगळा आहे आणि मला तो शब्द मागे पडत चालल्याचे वाईट वाटते. त्यात नाखुशी नाही, संकोच आहे. 'काही लागले तर सांगायला अनमान करू नका' या वाक्यात समोरच्याची भीड ओळखून ती आधीच मोडलेली असते. तिथे 'टाळाटाळ करू नका' घालून पाहा, म्हणजे आमंत्रणाची नोटीस होईल.

याच कुटुंबात एक छान क्रियाविशेषण आहे: 'हो-ना करता करता'. 'हो-ना करता करता निघाले एकदाचे.' सगळी ओढाताण त्या चार शब्दांत येते. आणि ज्याला ढकलून पाठवले आहे त्याच्यासाठी 'रडतराऊत घोड्यावर स्वार' ही म्हण. राऊत म्हणजे घोडेस्वार. तोच रडत बसला असेल तर मोहिमेचे काय होणार ते सांगायला नको.

यातला एकही शब्द न वापरता नाखुशी दाखवता येते का?

येते, आणि चांगले लेखक बहुतेक वेळा तेच करतात. मराठीचे व्याकरणच यात मदतीला येते.

'मी गेलो' आणि 'मला जावे लागले' यांत घटना तीच आहे. दुसऱ्या वाक्यातला कर्ता मात्र 'मी'चा 'मला' झाला, म्हणजे अर्धा बाजूला झाला. 'उत्तर लिहिले' आणि 'उत्तर लिहून टाकले' यांत दुसरे उत्तर कटकट संपवण्यासाठी लिहिलेले आहे. (टाकणे नेहमीच नाखुशीचे नसते, 'सगळे देऊन टाकले' यात औदार्यही असू शकते.) 'गेलो' आणि 'गेलो एकदाचा' हेही तसेच.

पण खरी गंमत शक्य क्रियापदात आहे. जाववत नाही, खाववत नाही, बोलवत नाही, देववत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात याचा अर्थ 'करण्याची शक्ती नाही' असा देतात. पाय दुखत असताना 'मला चालवत नाही' म्हटले तर तो अर्थ बरोबर. पण 'त्याला देववत नाही' म्हणजे त्याच्या हातात बळ नाही असे नव्हे. हात खिशाकडे जातच नाही. 'तिच्याशी आता बोलवत नाही' यात घसा ठणठणीत असतो. शरीराची असमर्थता सांगणारे रूप मनाच्या असमर्थतेसाठी वापरायचे, आणि नकार दिला असे मात्र म्हणायचे नाही.

आता 'पाहवत नाही' बघा. 'त्याचे हाल पाहवत नाहीत' ही करुणा. 'दुसऱ्याचे बरे झालेले पाहवत नाही' ही असूया. रूप तेच, समोर काय ठेवले आहे त्यावर माणूस संत ठरतो की जळकुकडा. नाखुशी आणि आकस यांना जोडणारा पूल एका शब्दात दाखवा असे कुणी म्हटले तर मी हा शब्द दाखवीन.

बोलण्यातले 'बघू' विसरू नका. 'बघू' म्हणजे बहुधा नाही. 'बघतो' म्हणजे कदाचित. 'करतो की' यातल्या 'की'त थोडी चीड आहे: मी करणारच होतो, सांगायची गरज नव्हती. आणि 'राहू दे, मीच करते' हे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला त्यावर टीप नको.

शरीराच्या अवयवांवरून इतके वाक्प्रचार आहेत. कोणता केव्हा?

ढोबळ हिशेब असा: हातपाय नाखुशीचे, नाकतोंड नापसंतीचे, डोळे आणि पोट मत्सराचे. हात आखडता घेतात तो पैशांत किंवा मदतीत. पूर्वी सढळ देणाऱ्यालाच हे वाक्य शोभते, मुळात चिकट असलेल्याला नाही. अंग चोरणे म्हणजे कामाला हजर राहून काम न करणे. नाक मुरडणे यात तुच्छता आहे, म्हणून गरिबाने श्रीमंताच्या वस्तूला नाक मुरडले असे लिहिले तर वाचक थांबून विचार करतो. कधी कधी तोच परिणाम हवा असतो. दुसऱ्याचे यश डोळ्यांत सलते किंवा खुपते, आणि मग पोटात दुखते. पोटशूळ उठला म्हटले की उपहास वाढतो.

'जिवावर येणे' यात भीती नाही. 'सकाळी उठायचे जिवावर येते' यात आळस आहे, आणि 'जुने घर विकायचे जिवावर आले' यात माया. 'जिवावर बेतणे' मात्र खरोखर प्राणाशी संबंधित. या दोहोंची अदलाबदल मी छापील मजकुरातही पाहिली आहे.

'पाण्यात पाहणे' आणि 'देव पाण्यात घालून बसणे' यांचाही घोळ होतो. पहिल्यात माणूस समोरच्याचा द्वेष करतो; दुसऱ्यात एखादी गोष्ट घडावी म्हणून आतुरतेने वाट बघतो. पुष्कळदा ती गोष्ट म्हणजे समोरच्याचे पडणे असते, हा भाग निराळा.

रुसणे आणि रागावणे यांत नेमका फरक कोणता?

रुसायला नाते लागते. अनोळखी माणसावर रागावता येते, रुसता येत नाही. रुसणाऱ्याला आपले रुसणे कुणाच्या तरी लक्षात यावे असे वाटत असते, त्याने समजूत काढावी असे वाटत असते. समजूत काढणाराच नसेल तर रुसवा टिकत नाही. त्याचा एकतर विसर पडतो किंवा अबोला होतो. ज्ञानेश्वर लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन झोपडीचे दार लावून बसले आणि मुक्ताबाईने 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' म्हणत त्यांची समजूत घातली, ही परंपरेने सांगितलेली कथा मराठी माणसाला इतकी जवळची का वाटते, याचे एक कारण हेच असावे. बंद दाराबाहेर कुणीतरी उभे आहे.

रुसलेला माणूस ओळखायची एक खूण शब्दकोशात सापडत नाही: त्याची सर्वनामे बदलतात. रोज 'तू' म्हणणारा अचानक 'आपण' म्हणू लागतो. 'आपण मोठी माणसे, आपल्याला काय सांगणार.' आदरार्थी रूप हे अंतर मोजायचे साधनही आहे, आणि रुसवा ते एका वाक्यात हातभर वाढवतो.

लहान मुलांच्या 'कट्टी'ला हे सगळे माहीत असते. ती तोंडाने जाहीर करावी लागते.

बातम्यांत प्रत्येक जण 'नाराज' असतो. तो शब्द चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, झिजलेला आहे. 'राजी' म्हणजे संमत, तयार. 'ना' हा फारसीतून आलेला नकार. नाखूश, नाकबूल, नापसंत, नाइलाज ही सगळी याच साच्यातली. म्हणजे नाराज हा मुळात 'राजी नसलेला', नाखुशीच्या बाजूचा शब्द. त्यात द्वेष नाही. नाराजाची मनधरणी करता येते, ती केली जावी हीच त्याची अपेक्षा असते, आणि राजकारणाला तो शब्द आवडतो तो त्यामुळेच: दार पूर्ण बंद होत नाही.

याच 'राजी'पासून 'राजीनामा' आला. अर्थ उघड आहे: राजी असल्याचे पत्र. जुन्या मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलात खातेदार जमीन सोडताना राजीनामा देत असे आणि पुढचा धारक कबुलायत (जमीन कबूल असल्याचे पत्र) लिहून देई. आज नाराज माणूस राजीनामा देतो आणि या शब्दांचे गोत्र एक आहे याची देणाऱ्याघेणाऱ्या दोघांनाही कल्पना नसते. खरेदीखतासारख्या दस्तऐवजांत अजून 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' असे वाक्य येते. तिथे राजीखुशी इतकी ठासून सांगावी लागते, यावरून काय समजायचे ते वाचकाने समजावे.

नाराजीपेक्षा नेमके शब्द हवे असतील तर: आत चालू असून आवाज बाहेर येतो ती धुसफूस, भांडे अजून उतू गेलेले नाही ती खदखद, काही करता येत नाही म्हणून होते ती चरफड, आणि दुसऱ्याचे बरे बघून होतो तो जळफळाट. रामायणात कैकेयी ज्या खोलीत जाऊन पडली त्या कोपभवनाचा उल्लेख मथळ्यांत अजून होतो, पण आता तोही झिजायला लागला आहे.

अढी, आकस आणि डूख: तिन्ही एकच का?

नाही. या तिघांत गल्लत झाली तर कथेतले पात्रच बदलते.

अढी मनात बसते आणि बसून राहते. अढी असलेला माणूस सहसा काही करत नाही. थोडे कमी बोलतो, तुमच्या विनोदाला उशिरा हसतो. ती ऐकीव गोष्टीवरूनही बसते. 'भेटण्याआधीच त्याच्याबद्दल माझ्या मनात अढी होती' हे अगदी स्वाभाविक वाक्य आहे. ती निघूही शकते. आंबे पिकवायला पेंढ्यात रचून ठेवतात त्यालाही अढीच म्हणतात. हे साम्य व्युत्पत्ती म्हणून कुणाला सांगू नका, पण झाकून ठेवलेले हळूहळू पिकते ही कल्पना मनातल्या अढीलाही फिट्ट बसते.

आकस कृतीत दिसतो. 'आकसाने बदली केली', 'आकसापोटी परवानगी नाकारली'. त्यासाठी हातात थोडा तरी अधिकार लागतो. ज्याच्या हातात काहीच नाही त्याचा आकस नुसती अढी होऊन राहतो. 'आकसणे' म्हणजे आखडणे, लहान होणे, हे क्रियापद निराळे. अर्थाने त्याचा इथे संबंध नाही.

डूख हा सापाचा. दुखावलेला नाग माणूस लक्षात ठेवतो आणि गाठून चावतो, अशी लोकसमजूत. साप असे काही लक्षात ठेवत नाहीत हे प्राणिशास्त्र खुशाल सांगो; शब्दाला त्याचे काही नाही. डूख धरणारा माणूस थांबतो. वर्षानुवर्षे हसून बोलतो. म्हणून काल झालेल्या भांडणाबद्दल आज 'त्याने डूख धरला' असे लिहिणे घाईचे आहे. अजून काळ गेलेला नाही.

'खुन्नस' लिखाणात चालेल का?

संवादात जरूर. खुन्नस उघड असते, नजरेत असते, 'खुन्नस देणे' म्हणजे रोखून बघणे. डूख धरलेला माणूस खुन्नस देत नाही, तो नमस्कार करतो.

हेवा, मत्सर, असूया, द्वेष यांची चढती भाजणी आहे का?

हेवा निरुपद्रवी असू शकतो. 'हेवा वाटावा असे अक्षर' ही स्तुतीच आहे. 'मत्सर वाटावा असे अक्षर' कुणी म्हणत नाही. मत्सर हा षड्रिपूंतला शेवटचा. असूया अधिक नेमकी आहे: अमरकोशाने तिचा अर्थ गुणांवरही दोषाचा आरोप करणे असा दिला आहे. त्याच्या यशाचा मला त्रास होतो हा मत्सर. तो चांगला गातो हे कळत असूनही 'पण ताल कच्चा आहे' असे म्हणणे ही असूया. अत्रिऋषींच्या पत्नीचे नाव अनसूया, म्हणजे जिच्यात हे नाही ती. द्वेषाला यातल्या कशाचीच गरज नाही. समोरच्याकडे हेवा करण्याजोगे काही नसले तरी द्वेष होतो.

इंग्रजीतल्या 'रिझेंटमेंट'साठी एकच मराठी शब्द सांगा.

एक सांगता येत नाही. भाषांतर करताना आधी विचारा: हे माणसाविरुद्ध आहे की घटनेबद्दल? माणसाविरुद्ध असेल तर राग धरणे, अढी, आकस यांतून निवडा. घटनेबद्दल असेल तर सल किंवा शल्य. शल्य म्हणजे शरीरात घुसून राहिलेले बाणाचे टोक. सल हा त्याचाच घासून गुळगुळीत झालेला मराठी अवतार. 'मला बोलावले नाही याचा सल आहे' यात सूड नाही, जखम आहे.

तिसरा शब्द फार कमी आठवतो: वैषम्य. विषम म्हणजे असमान, आणि 'मला त्याचे वैषम्य वाटते' म्हणजे मला डावलले गेल्याची, वाटणी सारखी न झाल्याची बोच. तो आज नकारार्थीच जास्त दिसतो, 'मला त्याचे वैषम्य नाही' असा. जो हे मुद्दाम सांगतो त्याला ते बहुधा असते.

संस्कृतात याहून जवळचा 'अमर्ष' आहे: मर्ष म्हणजे सहन करणे, क्षमा करणे, ते न होणे म्हणजे अमर्ष. नाट्यशास्त्राच्या तेहतीस व्यभिचारी (म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या, क्षणिक) भावांत असूया आणि अमर्ष वेगवेगळे मोजले आहेत. आजच्या मराठीत तो शब्द वापरला तर तळटीप द्यावी लागेल.

त्रागा म्हणजे जास्तीचा राग का?

नव्हे. त्रागा स्वतःवर करतात. गुजरात-काठियावाडात चारण आणि भाट (राजांची स्तुती गाणारे) आपले म्हणणे मान्य करून घेण्यासाठी स्वतःला जखम करून घेत, त्याला त्रागा म्हणत. पाप समोरच्याच्या माथी लागावे हा हेतू. आज रक्त निघत नाही, पण जेवणावरून उठून जाणारा माणूस तेच करत असतो. उपाशी तो राहतो आणि अपराधी बाकीच्यांना वाटते.

शुद्धलेखनात कुठे चुका होतात?

नाइलाज (नाईलाज नाही), असूया (असुया नाही), द्वेष (द्वेश नाही), नाराजी ('नाराजगी' हिंदीतली), डूख दीर्घ, रुसवा ऱ्हस्व.

कामाच्या ठिकाणी नाखुशी सभ्यपणे कशी लिहावी?

'असमर्थता व्यक्त करतो' हे नकाराचे सर्वांत इस्त्री केलेले रूप आहे. कारण द्यावे लागत नाही. तक्रार नोंदवायची असेल तर 'नापसंती' हा शब्द 'नाराजी'पेक्षा बरा, कारण नापसंती निर्णयाबद्दल असते आणि नाराजी वाचणारा ती स्वतःवर ओढून घेतो. 'राग नसावा' हे शेवटी लिहायचे असेल तर लिहा. पूर्वी पत्रात 'लोभ असावा' असे लिहीत. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, आणि 'लोभ' म्हणजे हाव. मराठीने एकाचा संताप केला आणि दुसऱ्याची माया.

'मी कुठे रागावलोय?' असे म्हणणाऱ्या रागावलेल्या माणसाला काय म्हणायचे?

मराठीत घुमा म्हणतात, आणि त्या वागण्याला घुमेपणा. पण घुमा मुळात न बोलणारा असतो. हा तर बोलतो आहे, फक्त खरे बोलत नाही. नाट्यशास्त्रात आलेला भाव लपवण्यालाच एक नाव आहे, अवहित्थ, आणि तोही त्या तेहतीसांतला एक भाव मानला आहे. मराठीने हा शब्द घेतला नाही. त्याऐवजी असा माणूस 'कुठे' या शब्दावर जोर देतो, आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून कळते.